माइक लोकांच्या डोक्यावर

सभेत माझी बसायची जागा ठरलेली होती. मंचाच्या डाव्या अंगाला, पायऱ्यांच्या खाली, मशीनजवळ. तिथून पुढाऱ्याचा चेहरा दिसत नाही. त्याच्या चपला दिसतात, आणि भाषण चालू असताना पाठीमागे बांधलेले हात दिसतात. लोक पुढून पाहतात आणि मत देतात. मी जन्मभर पाठीमागून पाहिलं, त्यामुळे मतदानाच्या दिवशी माझा पाय घराबाहेर लवकर पडत नसे.

ब्रह्मपुरीत आमचं बिछायत केंद्र आणि साउंड सर्व्हिस होती. वडिलांनी सतरंज्या आणि पेट्रोमॅक्सवर धंदा सुरू केला, मी भोंगे आणि मशीन आणली. लग्न, उर्स, गणपती, बैलांच्या शर्यतींचा शंकरपट, दिवाळीनंतरची नाटकं आणि निवडणुका, सगळीकडे आमचंच सामान. यातल्या प्रत्येक गिऱ्हाइकाविषयी माझ्या मनात थोडाफार मान आहे, निवडणुकीवाल्याचं सोडून. नवरदेवाच्या बापाला निदान पोराचं लग्न खरोखर लावायचं असतं.

धंदा समजायला सोपा आहे. माइकमध्ये बोललेलं मशीनमध्ये जातं, मशीन ते मोठं करून भोंग्यात पाठवतं. भोंगा माइकच्या फार जवळ आला, की स्वतःचाच आवाज पुन्हा पुन्हा ऐकून शिट्टी मारायला लागतो. आमचं सगळं कसब भोंग्याचं तोंड कुठे करायचं यातच आहे. दुसरी गोष्ट म्हणजे खटका. प्रत्येक माइकचा खटका माझ्या बोटाखाली असतो. कुठल्याही पक्षाची सभा असू द्या, सुरू होण्याआधी खर्रा चघळत एक कार्यकर्ता माझ्याकडे यायचाच. तो म्हणायचा, "रशीदभाई, ध्यान ठेवजा. साहेबाशिवाय कोणी बोलला का खटका बंद." झेंडे वेगळे, टोप्या वेगळ्या, पण हे वाक्य मी सगळ्यांच्या तोंडून सारखंच ऐकलं. या देशात सर्वपक्षीय एकमत कशावर आहे, असं मला कोणी विचारलं असतं तर मी लगेच सांगितलं असतं.

आमच्या भागात एक साहेब होते. जिल्हा परिषदेचे सदस्य. त्यांचं नाव लिहीत नाही, कारण लिहिलं तर त्यांना आनंदच होईल. साहेबांचं भाषण "लोकशाहीत लोक हेच मालक" इथून सुरू व्हायचं आणि "तुमच्या काही अडचणी असतील तर मोकळेपणाने सांगा" इथे संपायचं. हे म्हणताना ते माइकचा दांडा दोन्ही हातांनी असा आवळून धरायचे, की सांगणाऱ्याला आधी त्यांची बोटं सोडवावी लागली असती.

सिंदेवाहीजवळच्या एका सभेत ते "सांगा" म्हणाले आणि एक म्हातारा खरंच उठला. बिचाऱ्याला ते वाक्य भाषणातलं आहे, हे ठाऊक नव्हतं. "साहेब, आमच्या गावची नळाची टाकी—" इतकंच बोलला असेल, तोच साहेबांनी माझ्याकडे वाकून हळूच सांगितलं, "राष्ट्रगीत." माझ्याकडे कॅसेट तयार असायची. मी लावली. प्रश्न विचारायला उठलेला म्हातारा तिथल्या तिथे सावधान उभा राहिला. राष्ट्रगीत संपलं तेव्हा साहेबांची जीप सुरू झालेली होती. मग ती युक्ती साहेबांच्या अंगवळणीच पडली. आमच्या तालुक्यात ज्या गावात राष्ट्रगीत लवकर वाजलं, त्या गावात कोणीतरी प्रश्न विचारला असं समजावं.

आता मूळ गोष्ट. वैनगंगेच्या अलीकडे, धानाच्या पट्ट्यात एक गाव आहे. त्याला मोहटोली म्हणू. गावाला मालगुजारीच्या काळातला जुना तलाव आहे. तलावाच्या पाण्यावर धान आणि तलावातल्या मासोळीवर ढिवरांची घरं चालत. पंचायतीचं सरपंचपद त्या खेपेला बाईसाठी राखीव निघालं, तेव्हा साहेबांच्या गटाने ढिवरांच्या सुगंधाबाईला पुढे केलं. साधी बाई आहे, तोंडातून शब्द काढत नाही, नवरा सांगेल तिथे अंगठा उठवील, असा त्यांचा हिशेब.

हे ऐकून मी हसलो होतो. सुगंधाबाई आठवडी बाजारात माझ्या गोदामासमोरच मासोळी घेऊन बसायची. भोंग्याशिवाय बाजाराच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल असा आवाज मी तिच्याशिवाय दुसऱ्या कोणाचा ऐकलेला नाही. गिऱ्हाईक शिळी मासोळी म्हणालं, तर त्याच्या सात पिढ्या ती ताज्या करून सोडायची. साहेबांना हे कसं कळणार? त्यांच्या घरी मासोळी पोचवली जायची. उमेदवार ठरवताना त्यांच्यासमोर मात्र ती पदर घेऊन गप्प बसली होती, कारण त्या दिवशी तिला काही विकायचं नव्हतं.

वर्षभरात साहेबांचा खरा बेत कळला. तलाव मासेमारीसाठी चंद्रपूरच्या एका ठेकेदाराला द्यायचा होता. त्याला ग्रामसभेचा ठराव लागत होता. ठेका झाला असता तर ढिवरांना आपल्याच तलावात ठेकेदाराच्या मजुरीवर जाळं टाकावं लागलं असतं, तेही त्याने बोलावलं तर. सभा पंधरा ऑगस्टला झेंडावंदनानंतर ठेवली होती. शहरातल्या वाचकाला यात वावगं दिसणार नाही. पण तेव्हा धानाची रोवणी, म्हणजे लावणी, ऐन भरात असते. पऱ्हे म्हणजे धानाची रोपं उपटून ठेवलेली, खाचरांच्या बांध्यांत पाणी, आणि गावातल्या सगळ्या बाया गुडघाभर चिखलात. सभेला कोण येणार? साहेबांनी तारीख बरोबर निवडली होती, आणि वर स्वातंत्र्यदिनाचा मान राखला म्हणून मिरवायलाही मोकळे.

त्याआधीच्या बाजारी सुगंधाबाई टोपली रिकामी करून माझ्या गोदामात आली.

"रशीदभाऊ, नाटकाले तुमी माइक वरतून टांगता ना?"

"हो. कलावंताले हातात माइक धरून रडता येत नाई ना बाई."

"मंग आमच्या सभेले तसेच टांगा. पण इस्टेजवर नाई. इस्टेज बांधूच नोका. लोकायच्या डोक्यावर टांगा."

झाडीपट्टीतली नाटकं ज्यांनी पाहिली नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे रंगमंचावर आडवी दोरी बांधून तिला माइक लोंबते सोडतात. कलावंत खाली फिरतो, बोलतो, मरतो, आणि त्याचा शब्द न् शब्द गावभर जातो. पण प्रेक्षकांच्या डोक्यावर माइक? असलं काम मला तोवर कोणी सांगितलं नव्हतं.

"काऊन पण?" मी विचारलं.

"हातात माइक देला का आमच्या बाया मुंडकं खाली घालतेत. एक शब्द नाई निंघत. आपसात बसल्या का मंग पाहा, आयकाले कान पुरत नाई. मले तेच आपसातलं पायजे."

मी म्हटलं, माइक इतके पसरले तर भोंगा जवळ ठेवता येणार नाही, शिट्टी वाजेल. दूर न्यावा लागेल. ती म्हणाली, "तलावाच्या पाळीवर बांधा. तोंड बांध्यांकडं करा. ज्या बाया येणार नाई त्याइले घरबसल्या, म्हंजे चिखलबसल्या ऐकू जाईन."

मला कामच आवडलं. लोकांसाठी माइक मागणारा पुढारी मला माझ्या धंद्यात तोवर भेटला नव्हता. इतरांनी माझ्याकडे काय काय मागितलं होतं! एकाने आपल्या खुर्चीखाली पाट मागितला होता, म्हणजे शेजारच्या पुढाऱ्यापेक्षा उंच दिसावं. दुसऱ्याने टाळ्यांची कॅसेट आहे का म्हणून विचारलं होतं. आणि ही बाई, जिला लोक अंगठेबहाद्दर म्हणून हिणवत, स्वतःसाठी माइकच नको म्हणत होती.

पंधरा ऑगस्टला सकाळी मी पंचायतीसमोर मंडप घातला. खाली सतरंज्या, वर बांबूला दोरी आणि दोरीला नाटकाचे माइक, मंडपभर. भोंगे पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, तोंडं बांध्यांकडे. मंच नाही, त्यामुळे पायऱ्या नाहीत. माझं मशीन मंडपाच्या कोपऱ्यात. झेंडावंदन झालं. मंडपात थोडे म्हातारे आणि साहेबांच्या गटाचे रिकामटेकडे जमले. दूर बांध्यांतून बायांचं रोवणीचं गाणं ऐकू येत होतं.

साहेब उशिरा आले. सोबत ठेकेदार आणि ग्रामसेवक. मंच नाही हे पाहून त्यांच्या कपाळाला आठी पडली, पण "आज आपण जमिनीवरच बसू, लोकांत बसू" असं मोठ्याने म्हणून घेतलं आणि सतरंजीच्या मध्यभागी बसले. कार्यकर्ता माझ्याकडे येऊन ठरलेलं वाक्य बोलून गेला: साहेबाशिवाय कोणी बोलला का खटका बंद. वर पाहायचं कोणाच्याच मनात आलं नाही. आणि त्यांचाही दोष नाही. पुढाऱ्याच्या लेखी माइक म्हणजे हातात धरायची वस्तू. जो आपल्या हातात नाही तो माइक नाही, आणि जो माइक नाही तो आपलं ऐकत नाही, अशी त्यांची समजूत.

सुगंधाबाई हळू आवाजात विषय सांगत होती. साहेब ठेकेदाराच्या कानाशी लागले.

"बाईले बोलू द्या दोन मिनिटं. माणसं कमी हायेत, गणपूर्ती होत नाई. आत्ता तहकूब करून टाकू. तहकूब सभेले गणपूर्ती लागत नाई. पुढच्या हप्त्यात आपण चार जण बसू न ठराव लिवून टाकू. तलाव तुमचा झाला समजा."

ठेकेदाराने काहीतरी विचारलं. साहेब म्हणाले, "ह्याइले काय समजते? मासोळ्या धरणारे लोक. लयच बोंबलले त राष्ट्रगीत लावाले सांगतो."

पाळीवरच्या भोंग्यांनी यातला एक शब्दही गाळला नाही. नाटकाचे माइक आहेत ते, मरणाऱ्या नायकाचा शेवटचा श्वास पकडतात. भोंग्यांची तोंडं पलीकडे असल्याने कुजबुजणाऱ्या साहेबांना आपलाच आवाज ऐकू आला नाही, पण मंडपाच्या कडेला बसलेली म्हातारी माणसं एकदम चूप झाली. साहेबांना वाटलं, आपल्यामुळे शांतता झाली. मी मात्र दुसरीकडे कान लावून होतो. बांध्यांतलं गाणं थांबलं होतं.

खटका बंद का केला नाही, असं मला नंतर पुष्कळांनी विचारलं. मी काय करणार? साहेबाशिवाय कोणी बोलला तर बंद करायचा, असा हुकूम होता. बोलत तर साहेबच होते.

बाया पाळीवरून आल्या. लुगडी खोचलेली, पाय पोटरीपर्यंत चिखलाने माखलेले, काहींच्या हातात पऱ्ह्यांच्या जुड्या तशाच. माझ्या धुतलेल्या सतरंज्यांचं जे झालं ते झालं. मंडप भरला, मंडपाबाहेर माणसं उभी राहिली. साहेबांनी हात जोडले आणि उठून म्हणाले, "या, या, भगिनींनो. तुमच्या काही अडचणी असतील तर—"

मागून एका बाईचा आवाज आला, "राष्ट्रगीत लावा ना साहेब. आमी उभ्याच हावो."

तो हशा मी कधी विसरणार नाही. त्यात गंमत कमी आणि राग जास्त होता. साहेबांनी तेव्हा प्रथमच मान वर केली. डोक्यावर वीतभर अंतरावर माइक लोंबत होता. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मशीनची धूळ पुसायला घेतली.

सुगंधाबाई साहेबांना एकही लागट शब्द बोलली नाही. बाजारात ऐकलेली तिची जीभ मला माहीत होती, म्हणून मला तिचं जास्त नवल वाटलं. ती म्हणाली, "राष्ट्रगीत शेवटी होईन. आता समद्या बसा. ग्रामसेवकभाऊ, माणसं मोजा, गणपूर्ती झाली का पाहा. मंग आपसात बोला, तलाव ठेक्यानं द्याचा का नाई द्याचा." आणि बाया आपसात बोलल्या. किती बोलल्या! धानाला पाणी कोण सोडेल, उन्हाळ्यात गुरं कुठे पाजतील, जाळं कोण टाकेल, ठेकेदार सुकलेला तलाव सोडून गेला तर काय, आणि साहेबांच्या घरी आजवर गेलेल्या मासोळीचं काय झालं. सगळं पाळीवरून शिवारभर जात होतं. तलाव गावाकडेच ठेवायचा ठराव झाला. साहेबांनीही हात वर केला. वर माइक असताना दुसरं काय करणार होते?

ही हकिकत तालुकाभर झाली. ब्रह्मपुरीच्या चहाच्या टपऱ्यांवर लोक साहेबांची नक्कल करून दाखवत. मला वाटलं, गेला हा माणूस. पुढे विधानसभेची निवडणूक आली, साहेब उभे राहिले, आणि निवडून आले. आमच्या ब्रह्मपुरीने, कॉलेजच्या गावाने, जिथे घरटी एक पदवीधर आहे, त्यांना भरभरून मतं दिली. शेजारच्या एका प्राध्यापकांना मी विचारलं, तर म्हणाले, "काही म्हणा रशीदभाई, माणूस वजनदार आहे. कामं करून घेऊ शकतो." मी म्हटलं, सर, कोणाची? ते हसले. शिकलेल्या माणसाचं हे हसणं मला पुढाऱ्याच्या राष्ट्रगीतासारखंच वाटतं. प्रश्न संपवायला बरं पडतं. आपण सगळे कसे निवडतो ते मी पाहिलेलं आहे. कोणाच्या गाडीमागे किती गाड्या आहेत, कोणाच्या कमानीवर किती दिवे आहेत ते पाहतो. त्या कमानी मीच उभारल्या आहेत. आत नुसते बांबू असतात.

मोहटोलीने तसं केलं नाही. गावाने माझे जुने नाटकाचे माइक मागून घेतले आणि समाजमंदिराच्या आढ्याला कायमचे टांगले. सुगंधाबाईची मुदत संपली तेव्हा सरपंच व्हायला तिघे तयार होते. गावाने तिघांना समाजमंदिरात बसवून एकच प्रश्न विचारला: माइक कुठी टांगाल? एक म्हणाला, आधी देऊळ बांधू, मग पाहू. दुसरा म्हणाला, आमदारसाहेबांना विचारून सांगतो. तिसरा देवाजी नावाचा शेतकरी, गोंडांच्या टोल्यावरचा, म्हणजे गावाबाहेरच्या वस्तीतला. तो म्हणाला, "हायेत तिथीच राहू द्या. मले तसंही भाषण येत नाई." गावाने त्याच्या बाजूचे सदस्य निवडून दिले आणि तो सरपंच झाला.

आमदार झालेले साहेब तलाव विसरले नव्हते. आता त्यांना तिथे बोटी सोडायच्या होत्या, उपाहारगृह बांधायचं होतं, आणि त्यासाठी तलाव एका कंपनीला द्यायचा होता. पुन्हा ग्रामसभा लागली. सभेआधी वरून निरोप आला, की सुरक्षेच्या कारणावरून समाजमंदिरातलं वायरिंग आणि माइक काढून ठेवावेत. देवाजीने मला बोलावणं पाठवलं. माझा धंदा तोवर मी बंद करत आणला होता. शिडी घेऊन गेलो आणि स्वतःच टांगलेले माइक एकेक करून उतरवले. हाताला काम होतं, पण मनात आलं, आता संपलं. तलाव या वेळी जातो. माझ्यासारख्या भोंगेवाल्याला आवाज म्हणजे मशीन, एवढंच ठाऊक.

मशीन नसल्याने मला बसायला कोपरा नव्हता. म्हणून मीही लोकांतच बसलो, सतरंजीवर. समाजमंदिर आधीपासूनच भरलेलं होतं. रोवणी होती की नव्हती, कोणी विचारलं नाही. साहेब आले. दारात थांबून त्यांनी आधी वर पाहिलं. कुठल्याही मंडपात शिरताना वर पाहायची त्यांना सवयच लागली होती, असं कार्यकर्ते सांगायचे. आढ्याला नुसते खिळे होते. साहेबांचा चेहरा मोकळा झाला. मी त्यांना इतक्या वर्षांत प्रथमच पुढून पाहत होतो.

देवाजीने विषय मांडला. साहेब शेजारच्या कंपनीवाल्याकडे झुकले आणि हात तोंडाशी धरून काहीतरी कुजबुजले.

मागच्या रांगेतून सुगंधाबाई उठली. आता ती सरपंच नव्हती, मासोळीची टोपली तिने दारातच ठेवली होती. तिचा तो बाजारातला आवाज समाजमंदिराच्या भिंतींना लागून परत आला.

"साहेब, जराक मोठ्यानं बोला. माइक काढून टाकले ना तुमी. मांगं ऐकू येत नाई."

"काही नाही बाई," साहेब म्हणाले, "आम्ही आपलं आपसात बोलत होतो."

"मंग आपसातलंच सांगा," ती म्हणाली.

कोणी हसलं नाही. साहेबांनी कार्यकर्त्याकडे पाहिलं, कार्यकर्त्याने माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे ना कॅसेट होती ना खटका. सगळं गाव साहेबांकडे पाहत, ते बोलायची वाट पाहत बसून होतं.